मायक कोणाच्या हातात

आमच्या वाड्यावर सगळ्यात मोठं भांडण झालं ते डोंगरावरून नव्हे, मायकवरून.

डोंगराबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी जेसीबी वर चढला आणि आठ दिवसांत वाड्यामागची हिरवी पाठ खरवडल्यासारखी तांबडी झाली. त्या डोंगराच्या पायथ्याशी आमची झर आहे. तिच्या पाटाचं पाणी नऊ कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, फिरतं, पोफळीला जातं, मिरवेलीला जातं, आणि एप्रिलमध्ये नळ आटले की घरच्या कळशीतही येतं. फोंडा तालुक्यात राहणाऱ्याला याहून जास्त समजवायची गरज नाही.

पहिली सभा ठरली रविवारी. देवस्थान समितीनं ‘राजकारण देवळात नको’ म्हणून सभामंडप नाकारला, म्हणून आम्ही देवळासमोरच्या पिंपळाच्या पेडावर जमलो. पेड म्हणजे तुमचा पार. एक स्पीकर, एक मायक, लांब वायर. विरोधी पक्षाचे एक आमदार येणार होते. आमच्या मतदारसंघाचे नव्हेत. आमचे आमदार सत्तेत आहेत आणि त्या रविवारी त्यांना दोन बारशी आणि एका क्रिकेट स्पर्धेचं उद्घाटन होतं.

आमदार पोचायच्या आधी अर्धा तास वाद चालला. पोरं म्हणत होती, ते बोलले तर बातमी होते, आपण बोललो तर स्टेटस होतं. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, एकदा का त्यांनी मायक धरला की डोंगर त्यांचा होतो, आपण नुसते टाळ्यांना उरतो. शेवटी माझी मावळण, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, पेडाच्या कोपऱ्यात बसल्या बसल्या बोलली, “आमकां तुमचो आधार जाय, पूण मायक नाका. अशें सांग ताका.” म्हणजे आधार हवा, मायक नको.

सांगायला मला पाठवलं. मी बँकेत नोकरी करते, अर्ज लिहिते, म्हणून वाड्यावरची सगळी अवघड बोलणी माझ्याकडे येतात. मी गाडीपाशी जाऊन त्यांना सांगितलं. ते क्षणभर थांबले, हसले, मागच्या रांगेतल्या एका लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि पाऊण तास ऐकून गेले. त्या वेळी मला फार मोठा विजय मिळाल्यासारखं वाटलं होतं.

हा संशय आमच्या अंगात कुठून आला, हे गोव्याबाहेरच्या मैत्रिणींना सांगावं लागतं. गोव्यातल्यांना नुसती तारीख पुरते. १० जुलै २०१९. काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी १० जण एका संध्याकाळी भाजपमध्ये गेले. पुढे कोण होतं? खुद्द विरोधी पक्षनेते. काही दिवसांत ते उपमुख्यमंत्री झाले. दहा हा आकडाही काही योगायोगाचा नव्हता. पक्षांतरबंदी कायद्यात विलीनीकरणाची पळवाट दोन-तृतीयांशांना आहे, आणि १५ चे दोन-तृतीयांश बरोबर १० होतात. बँकेत आम्ही व्याजाचे पैसे मोजतो तसा हिशेब.

मग २०२२ आलं. जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली, की निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. देऊळ, चर्च, दर्गा. कोणताच देव रागवायला नको. १४ सप्टेंबरला ११ पैकी ८ जण गेले. याही वेळी, विरोधी पक्षनेता म्हणून निवडलेले आमदार त्यांच्यात होतेच. एका ज्येष्ठ आमदारानं तर पत्रकारांना सांगितलं, मी देवाला पुन्हा विचारलं, तो म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर. आमच्या बँकेतला शिपाई त्या दिवशी म्हणाला, गोव्यात विरोधी आमदार म्हणजे बदलीच्या ऑर्डरची वाट बघत बसलेला कर्मचारी. ऑर्डर आली की निघाला.

त्या दिवसापासून ४० जणांच्या सभागृहात विरोधक उरले ७. या सात जणांनी गोव्याच्या विरोधाचं नेतृत्व करायचं म्हटलं, तर मिरवणुकीला एक इनोव्हा पुरेल.

तर माझं मत असं होतं, आणि पुष्कळसं अजूनही आहे: पुढे चालायचं ते त्यानं, ज्याला पक्षांतर करता येत नाही. आमदाराला उजव्या, म्हणजे सत्ताधारी बाकावर जाता येतं. माझ्या मावळणीला झरीच्या विरोधी पक्षात जाता येत नाही. पाणी आटलं की कळशी तिचीच रिकामी.

आणि हे काही मी पेडावर बसून शोधून काढलेलं नाही. मी तेरा-चौदा वर्षांची असताना, १९९५ च्या जानेवारीत, आमच्या शेजारच्या केरीच्या भुतखांब पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता. थापर आणि अमेरिकेची ड्युपाँट. मावळणीचं लग्न होऊन ती त्याच बाजूला गेलेली, त्यामुळे त्या दिवसांतलं आमचं घर म्हणजे बातम्यांचं ठाणं. मला आठवतात त्या डोकीवर पेजेची भांडी घेऊन पठाराकडे जाणाऱ्या बायका आणि खारातल्या तोरांचा वास. कोणत्या पक्षाच्या, हे विचारायचं कोणाच्या मनातही नव्हतं. पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. त्या रात्री वडील जेवले नाहीत, एवढं आठवतं. पुढे प्रकल्प गोव्यातून उठला आणि तामिळनाडूत गेला. (तिथल्या बायकांनी काय केलं, असा प्रश्न मला बऱ्याच वर्षांनी पडला. तेव्हा पडला नाही.)

शेळ-मेळावलीचंही तसंच. सत्तरी तालुक्यातल्या त्या गावात आयआयटी नको म्हणून लोक उठले, २०२१ च्या जानेवारीत पोलिसांशी झटापट झाली, आणि १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी जागा रद्द केल्याचं जाहीर केलं. तिथले आमदार सरकारात मंत्री. तेही शेवटी, प्रकल्प नको, असं पत्र देते झाले. म्हणजे सत्तरीत नेता लोकांच्या पुढे नव्हता, मागून धावत आला. सत्तरीला ही सवय जुनी आहे. १८५२ मध्ये दीपाजी राणे पोर्तुगिजांविरुद्ध उठले तेव्हा विरोधी पक्ष नावाचा प्राणीच जन्मला नव्हता.

२००७ च्या जानेवारीत सरकारला जमीन वापराचा प्रादेशिक आराखडा मागे घ्यायला लागला, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, रद्द झाली, २०२० च्या नोव्हेंबरात दुपदरीकरण नको म्हणून चांदरच्या रेल्वे रुळांवर रात्रभर माणसं बसली. या सगळ्याची यादी प्रत्येक गोंयकाराला पाठ आहे आणि आम्ही ती जरा जास्तच म्हणतो, आरतीसारखी.

पण आरतीत न येणारी गोष्ट आमच्या घरातली आहे.

माझे आजोबा गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे माणूस. मराठी शाळेचे, मगोपचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, आणि म्हणून महाराष्ट्रात विलीनीकरण मागणारे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात जाण्याची खूण होती फूल, आणि वेगळं राहण्याची दोन पानं. आजोबांनी फुलावर शिक्का मारला आणि घरी येऊन गोड करायला सांगितलं. निकाल लागला तेव्हा फूल ३४,०२१ मतांनी हरलं होतं. आजी सांगायची, त्यांनी दोन दिवस कोणाशी शब्द काढला नाही.

ते कोड्यात पडले होते, आणि मला वाटतं मरेपर्यंत त्या कोड्यातच राहिले. कारण दोनच महिने गेले, मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक आली, आणि त्याच गोव्यानं त्याच मगोपला पुन्हा बहुमतानं निवडून दिलं. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून राजीनामा दिलेले भाऊसाहेब परत मुख्यमंत्री झाले. लहानपणी आजोबा ओटीवर बसून विचारायचे, “अगो, पक्ष हवा आणि पक्षाचं मुख्य मागणं नको, हे कसलं राजकारण?” त्यांना ते लोकांचं चंचलपण वाटायचं. मला आता ते त्या लोकांचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. कुळाला जमीन देईल, शाळा काढील, म्हणून भाऊ हवेत. पण गोवा कोणाचा, हे आमचं आम्ही ठरवू. नेत्याच्या हातात काय द्यायचं आणि काय नाही, याची सीमा त्यांनी आखली होती, आणि तीही एका शिक्क्यानं, मायकशिवाय.

मी विलीनीकरणवाद्याची नात आहे आणि कौलाचा निकाल योग्य लागला असं मानते. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

आता ज्या दुखण्याला हात लावायचं टाळत होते, तिकडे येते. आई मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. २०११ मध्ये तेव्हाच्या काँग्रेस सरकारनं इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, आणि भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. मराठीवाले आणि कोंकणीवाले एकाच सतरंजीवर बसलेले आईनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. ज्यांनी १९८५-८६ मध्ये राजभाषेवरून एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं होतं, ते एकाच थर्मासमधला चहा पीत होते. व्यासपीठावर माजी मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर. आणि त्यांच्याच शेजारी तेव्हाचा विरोधी पक्ष, बाह्या सरसावून.

२०१२ मध्ये तो विरोधी पक्ष सत्तेवर आला. चालू असलेलं अनुदान चालूच राहिलं.

आईनं त्यावर काही भाष्य केलं नाही. मोर्च्यांची कात्रणं चिकटवलेली वही होती, ती तिनं दिवाणाच्या खाली ठेवली, इतकंच. मंचाचे काही लोक मात्र थांबले नाहीत. संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर याच प्रश्नावर स्वतःच्या माणसांच्या सरकारला भिडले, ऑगस्ट २०१६ मध्ये पदावरून दूर केले गेले, आणि त्यांनी नवा पक्ष काढला. त्यांच्या सगळ्याच मतांशी माझं जुळत नाही, पण त्या वर्षी त्यांच्यात एक ताठपणा होता. २०१७ च्या निवडणुकीत त्या पक्षाची एकही जागा आली नाही.

म्हणजे बघा. विरोधकांच्या हातात मायक दिला, तर ते मायकसकट मंत्रालयात गेले. नागरिक स्वतः पक्ष होऊन उभे राहिले, तर त्यांना मतं पडली नाहीत. वाड्यावरच्या आमच्या त्या भांडणात दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि हे मला कळायला डोंगर आणखी थोडा कापला जावा लागला.

कारण पुढे काय झालं ते सांगते. पहिल्या रविवारी पेडावर दोनशे माणसं होती. दुसऱ्या रविवारी नव्वद. मग आली भातकापणी, मग जत्रा, मग कोणाच्या पोराचं सरकारी नोकरीचं पत्र यायचं होतं म्हणून घरचे सगळेच सभेला यायचे थांबले. त्यांना मी दोष देत नाही; गोव्यात सरकारी नोकरी ही देवाच्या प्रसादासारखी असते, कौल मिळेपर्यंत हात जोडूनच उभं राहायचं. आमच्यापैकी सहा जणांवर रस्ता अडवल्याची तक्रार झाली. पोलीस ठाण्यात बोलावणं नेहमी कामाच्या दिवशी, नेहमी साडेदहाला, आणि साहेब नेहमी बारानंतर. मी चार अर्ध्या रजा टाकल्या. सातव्या रविवारी आम्ही अकरा जण होतो, त्यात स्पीकरवाला धरलेला.

डोंगराखाली राहणाऱ्याला पक्षांतर करता येत नाही, हे खरं. पण त्याला दमता येतं. डोंगर कापणाऱ्या कंपनीला दमता येत नाही. तिनं दमायला पगारी माणसं ठेवलेली असतात.

आमचं अडलं होतं ते कागदावर. झोन कोणत्या आदेशानं बदलला, ‘ऑर्चर्ड’ची, म्हणजे बागायतीची, ‘सेटलमेंट’, म्हणजे घरं बांधायची जमीन, कधी झाली, कापणीची परवानगी किती चौरस मीटरची, हे कोणी सांगेना. माहिती अधिकारात अर्ज केला. तीस दिवस गेले. उत्तर आलं की फाईल दुसऱ्या विभागाकडे आहे. दुसऱ्या विभागानं लिहिलं, अर्जातला सर्व्हे नंबर स्पष्ट नाही. मी बँकेची बाई आहे, मला फाईल लपवण्याची कला कळते, तिला दाद देऊन मी पहिलं अपील केलं.

आणि एका रात्री मान खाली घालून मी त्या आमदारांना फोन केला. लाल खुर्चीवाल्या.

ते पहिल्यांदा म्हणाले ते हे: “मायक नको म्हणालात, म्हणून मला वाटलं प्रश्नही नको असेल.” टोमणा होता, आणि मी तो गिळला. मग म्हणाले, सर्व्हे नंबर पाठवा, अधिवेशन जवळ आहे, एलएक्यू, म्हणजे विधानसभेत प्रश्न, टाकतो.

विधानसभेतला प्रश्न ही काय चीज आहे, हे मला बेचाळीसाव्या वर्षी कळलं. माझ्या अर्जाला खात्यातला कारकून उत्तर देतो आणि तो कधी द्यायचं ते त्याचं तो ठरवतो. आमदाराच्या प्रश्नाला मंत्री उत्तर देतो, ठरलेल्या तारखेला, सभागृहाच्या पटलावर. तिथे खोटं लिहिलं तर ते हक्कभंगाचं प्रकरण होऊ शकतं, म्हणून तोच कारकून त्याच फाईलसाठी रात्री नऊपर्यंत बसतो. आम्हाला जे चार महिन्यांत मिळालं नाही, ते उत्तराच्या परिशिष्टात आलं: आदेशाचा क्रमांक, तारीख, आणि परवानगीचं क्षेत्र. कापलेलं क्षेत्र त्याच्या तिप्पट होतं. ते पान घेऊन आम्ही पंचायतीत गेलो, आणि पंचायतीला काम बंद करण्याची नोटीस काढण्यावाचून इलाज राहिला नाही. मंडळी, ती नोटीस म्हणजे डोंगर वाचला असं नव्हे. जेसीबी खाली उतरला, एवढंच.

तेव्हापासून ‘पुढे कोण’ हा प्रश्न मला जरा चुकीचा वाटायला लागला आहे. लोक पुढे, हे ठरलेलंच. पुढाऱ्याला मागच्या खुर्चीवर बसवण्यातही माझी चूक नव्हती. चूक ही, की बसवलं आणि काम सांगायला विसरले. आमदार हा काही आमचा सेनापती नव्हे, त्यानं तो होऊही नये. पण ज्या एका दारातून मला आत जाता येत नाही, त्या दाराची किल्ली मी मतदार म्हणूनच त्याला दिली आहे. ती खिशात ठेवून तो आमच्या पेडावर भाषण करत बसला तर उपयोग काय? आणि आम्ही त्याला पेडावरून हाकलून दार बंदच ठेवलं, तरी उपयोग काय? विरोधी आमदारानं मोर्च्याच्या अग्रभागी हात उंचावून चालावं, अशी मला अजिबात हौस नाही. त्यानं अधिवेशनाच्या दिवशी पोटदुखीचं कारण न सांगता बाकावर बसावं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तराची प्रत पाठवावी. सात जणांनी एवढं केलं तरी पुष्कळ पाणी वाहील.

राममनोहर लोहिया १९४६ मध्ये असोळण्याला मित्राकडे आले होते ते विश्रांतीला. १८ जूनला मडगावात त्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध तोंड उघडलं, ही गोष्ट आपण दरवर्षी गोव्याच्या क्रांतिदिनी सांगतो. त्या मैदानात भर पावसाळ्यात आधीच येऊन उभे राहिलेले लोक कोण होते, ही गोष्ट सांगायला मात्र आपल्याला कोणी फारसं बोलावत नाही. आणि बोलणाराच नसता तर ते लोकही कदाचित छत्र्या मिटून घरी गेले असते. दोन्ही खरं असू शकतं, हे आजोबांना पटलं नसतं.

गेल्या महिन्यात वाड्यावर कुजबुज आली, की तो आमदारही हलतोय. कोणी म्हणालं, बोलणी झाली. कोणी म्हणालं, महामंडळ नक्की आहे. मी त्याला फोन केला नाही. खरं उत्तर तो देणार नाही आणि खोटं मला ऐकायचं नव्हतं. रविवारी पेडावर तेवीस जण होते, म्हणजे आकडा वाढलाय. पोरं चिडली होती. निवृत्त काका ‘सांगितलं नव्हतं?’ अशा चेहऱ्यानं बसले होते.

मावळण सुपारी कातरत होती. मला म्हणाली, “तो विधानसभेचो कागद खंय आसा?”

म्हटलं, माझ्या फाईलमध्ये.

“एकूच?”

“एकच.”

तिनं अडकित्ता बाजूला ठेवला, कनवटीचा बटवा काढला आणि पन्नासाची नोट माझ्या हातात दिली. “फाल्यां फोंड्यां वचून प्रती काड. दर घरांत एक. तो गेलो जाल्यार वचूं दी, कागद हांगा उरूंक जाय.” तो गेला तर जाऊ दे, कागद इथे उरायला हवा.

सोमवारी बँक सुटल्यावर मी झेरॉक्सवाल्याकडे गेले. परिशिष्ट धरून नऊ पानं, एकवीस घरं. पन्नास रुपयांत ते भागलं नाही, पण हे मी मावळणीला सांगितलेलं नाही.